डोंगर कुणाच्या बापाचा

2023 चा जुलै म्हटला की मला पावसाआधी उठाबशा आठवतात. दूधसागरच्या रुळांवर भिजलेली तरुण मुलं कान धरून उठाबशा काढताहेत आणि रेल्वे पोलिसांचा पहारा आहे, असा तो व्हिडिओ. पणजीपासून पुण्यापर्यंत डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर तो एका रविवारी येऊन थडकला. निम्मे लोक म्हणाले, बरं झालं, खोड मोडली. उरलेले म्हणाले, आता या देशात चालायचीही चोरी. मला दोन्हीतलं काहीच धड पटेना.

रेल्वे कायद्याचं कलम 147 अगदी सरळ आहे. परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उठाबशा त्यात कुठंच नाहीत. पावती फाडली असती तर मोठ्या माणसांनी मोडलेला एक नियम, एवढंच त्याचं स्वरूप राहिलं असतं. उठाबशांमुळे ती वात्रट पोरं ठरली आणि समोरचे मास्तर ठरले. आपल्याकडे डोंगरवाटांवरची जी जी भांडणं मी पाहिली, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे मास्तर आणि पोरांचं नातं आहे. मास्तर कारण सांगत नाहीत आणि पोरं कारण विचारत नाहीत. पोरं फक्त पाठ फिरायची वाट बघतात.

म्हणून पोरं शहाणी होती असं मात्र नाही. कॅसल रॉक ते कुळे हा ब्रागांझा घाटाचा टप्पा म्हणजे तीव्र उतार, बोगदे, वळणं आणि जुलैत गाडीचाही आवाज गिळून टाकणारं पाणी. 310 मीटरवरून पडणाऱ्या पाण्यासमोर सेल्फी काढणाऱ्याला मागून येणारं इंजिन कळणार कसं? रुळांवरून चालायला बंदी असावी, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. वाद त्याच्यापुढचा आहे. रूळ बंद, पावसाळ्यात कुळ्याहून जाणारा जीपचा रस्ता बंद, आणि त्याच सुमारास अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाही वनखात्याने बंदी घातलेली. आदल्याच आठवड्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले होते. दोन जीव गेले हे खरंच. पण एका डोहात दोघे बुडाले म्हणून राज्यभरातल्या अभयारण्यांतला प्रत्येक वझर, म्हणजे धबधबा, एकाच दमात बंद. त्यात गुडघाभर पाण्याचे आले, गावकऱ्यांच्या कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, पाणी पुरवणारेही आले. पुढे काही धबधबे पुन्हा खुले झाले, पण कशाच्या आधारावर कुठला उघडला आणि कुठला राहिला, हे सामान्य माणसाला कळलं नाही ते नाहीच.

त्याच महिन्याच्या 24 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने राज्याला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे बुडालेली माणसं, उठाबशा आणि वाघ, तिन्ही एकाच जुलैत. बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या, पण प्रश्न एकच होता: या डोंगरात कोण जाणार, आणि ते कुणी ठरवायचं?

गोवा म्हटलं की बाहेरच्याला समुद्र दिसतो. आम्हा सत्तरी, सांगे, काणकोणकडच्या लोकांना त्याचा थोडा रागच आहे. राज्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. त्यातले सुमारे 755 चौरस किलोमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा, अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानात आहे. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही चार अभयारण्यं उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीला बिलगून आहेत. त्यामुळे गोव्यात डोंगर चढायचा म्हणजे बहुतेक वेळा अभयारण्यात शिरायचं. महाराष्ट्रातल्या ट्रेकरला हे पटकन लक्षात येत नाही. त्याच्याकडे किल्ले आहेत, गावाच्या मागून वर जाणाऱ्या राबत्या वाटा आहेत, एक वाट बंद झाली तर दुसरी सापडते. आमच्याकडे किल्ले खाडीच्या आणि समुद्राच्या तोंडावर, आणि डोंगर सगळा सरकारच्या कुलपात.

भूगर्भाचाही यात एक गमतीचा भाग आहे. गोव्याचा बहुतेक खडक जुना, धारवाडी कुळीतला, वर जांभ्याची टोपी घातलेला. त्यावर चढाई करायची म्हणजे हातात भुगा. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, सत्तरीच्या वरच्या अंगाला, दख्खनच्या लाव्हाचं एक टोक येऊन थांबलं आहे. चोर्ला घाटाच्या परिसरातले कडे म्हणून ओळखीचे वाटतात, कोकणकड्याच्या धाकट्या भावंडांसारखे. कोल्हापूर-पुण्याकडचे प्रस्तरारोहक ते बघतात आणि त्यांचे तळहात खाजायला लागतात. दोराने वझर उतरायचा, कड्यात बोल्ट मारून नवी वाट काढायची. कुणी विचारलं की बोल्ट मारायला परवानगी कुणाची लागते, तर प्रामाणिक उत्तर एवढंच की हा प्रश्न कुठल्याच फॉर्मात नाही.

फॉर्मवरून आठवलं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याचं 27 वं कलम मी एकदा बसून नीट वाचलं, आणि हौशी ट्रेकर्सपैकी प्रत्येकाने ते वाचावं असं माझं मत आहे. अभयारण्यात कोण जाऊ शकतो? कामावर असलेला सरकारी नोकर, मुख्य वन्यजीव रक्षकाने आत राहायची परवानगी दिलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे असा माणूस, सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा, आणि यातल्या पहिल्या तिघांच्या घरातली अवलंबून असलेली माणसं. संपली यादी. पुढच्या 28 व्या कलमात परवाना कशासाठी देता येईल ते दिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या कुणाशी कायदेशीर कामकाज.

मोलेहून अनमोड घाट चढणारा राष्ट्रीय महामार्ग भगवान महावीर अभयारण्यातून जातो. त्यावरून ट्रकवाला हॉर्न वाजवत, डिझेलचा धूर सोडत जातो, त्याला चिठ्ठी लागत नाही. तो थांबला, लघवीला दहा पावलं आत गेला, की कायद्याच्या दृष्टीने घुसखोर. मी हे विनोदाने म्हणतो आहे, पण कायद्याला चालणारा माणूस ठाऊकच नाही हे त्यातून दिसतं. वाहनाने पार होणारा ठाऊक आहे, तिकीट काढून बघायला येणारा ठाऊक आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला डोंगर ओलांडून पायी जाणारा माणूस, ज्याच्या पायांनी सह्याद्रीतल्या सगळ्या घाटवाटा मळल्या, तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गोव्यात ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं जाहीर झाली 1999 मध्ये, राष्ट्रपती राजवटीत. राज्यपाल होते 1971 च्या युद्धात गाजलेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. विधानसभा नव्हती, आमदारांना विचारायचा प्रश्न नव्हता, आणि खाणवाल्यांची ओरड ऐकायची गरज नव्हती. पर्यावरणाची काळजी असलेली माणसं आजही म्हणतात, त्या वेळी झालं म्हणून झालं, नाहीतर आज तिथे लाल खड्डे दिसले असते. मला ते पटतं. त्या डोंगरांच्या पोटात खाणपट्टे होते, ही काही कल्पना नाही. आणि तरीही, ज्या गावांभोवती ती रेषा ओढली गेली त्यांना सकाळी उठल्यावर कळलं की आपण अभयारण्यात राहतो, हेही तितकंच खरं. कायद्याप्रमाणे रेषा ओढल्यावर आतल्या लोकांचे हक्क तपासून निश्चित करायचे असतात. ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला, त्याचे दावे दाखल झाले, तेही फायलींत अडकले. उच्च न्यायालयाच्या त्या जुलैच्या निकालातही वनवासींचे दावे निकाली काढायला सांगितलं आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या बातम्यांत ते वाक्य बहुतेकांनी वाचलंच नाही.

याचा ट्रेकरशी काय संबंध, ते मला सत्तरीतल्या एका वाडीवर समजलं. रीतसर परवानगी काढून आम्ही काही जण गेलो होतो. ती काढायला किती खेटे घातले ते सांगत बसत नाही, एवढंच सांगतो की कार्यालयात ‘प्रयोजन’ या रकान्यात मी ‘पदभ्रमण’ असं लिहिलं होतं आणि तिथल्या माणसाने ते खोडून ‘पर्यटन’ केलं. स्थानिक वाटाड्या सोबत असला पाहिजे अशी अट होती. म्हणून वाडीवरच्या एका काकांना गाठलं. साठीच्या पुढचे, काटक, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता. मी ऐटीत परवानगीचा कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं,

“पुता, ह्या कागदार म्हजें नांव आसा?”

म्हटलं, काका, वाटाड्या म्हणून तुमचं नाव घालायचंच आहे, ती रिकामी जागा त्याचसाठी आहे. ते म्हणाले, मग घाल, आणि नीट घाल, पूर्ण पत्त्यासकट. मला वाटलं, पैशांच्या हिशेबासाठी असेल. वर चढताना उलगडा झाला. डोंगराच्या सोंडेवर त्यांच्या वडिलांनी लावलेली काजूची झाडं होती. हंगामात बोंडू वेचायला ते आणि त्यांची सून जात, पण जमिनीचा कागद त्यांच्या नावावर नव्हता. दावा केलेला होता, उत्तर नव्हतं. मधूनमधून कुणीतरी हटकायचं. आमच्या त्या चिठ्ठीवर, ‘पर्यटना’साठी आलेल्या परक्या माणसांच्या चिठ्ठीवर, आपलं नाव आणि त्या डोंगराचं नाव एकाच कागदावर सरकारी शिक्क्यासह येतंय, एवढंच त्यांना हवं होतं. पुढेमागे दाखवायला उपयोगी पडेल म्हणून. त्या कागदाची झेरॉक्स मी त्यांना नेऊन दिली.

आम्हा डोंगरवेड्यांचं एक लाडकं वाक्य आहे: डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे? वनरक्षकाने अडवलं, फलक आडवा आला, कुणी पावती मागितली की ते ओठांवर येतं. मीही ते म्हणत आलो आहे. पण सत्तरीतला डोंगर खरोखरच कुणाच्या तरी बापाचा असतो. त्या बापाने त्यावर काजू लावलेले असतात, कुमेरी, म्हणजे फिरती शेती, केलेली असते, त्याची गुरं तिथे चरलेली असतात, त्याचा राखणदार देव तिथे बसलेला असतो. फक्त सातबाऱ्यावर, किंवा आमच्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, तो बाप दिसत नाही. सार्वजनिक जमीन म्हणून आम्ही जिच्यावर हक्क सांगतो, ती सार्वजनिक झाली कशी, हे विचारण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. सरकार म्हणतं जमीन आमची, ट्रेकर म्हणतो म्हणजे माझीच की. या दोघांच्या भांडणात काका कुठंच नाहीत.

इंग्लंडमधल्या एका जुन्या भांडणाचा दाखला आपल्याकडचे वाचणारे ट्रेकर हमखास देतात. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरच्या बाजूचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसले. ते पठार बड्या जमीनदारांचं होतं, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. अखेर 2000 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मोकळ्या माळरानांवर पायी फिरायचा हक्क कायद्याने दिला. गोष्ट स्फूर्तिदायक आहे यात शंका नाही. पण ती जशीच्या तशी इथे लावली की फसते. तिथे समोर उमराव होता, आणि घुसणारा गिरणी कामगार होता. इथे शनिवारी रात्री बंगळुरूहून गाडी काढून येणारा, हजारांचे बूट घातलेला माणूस घुसतो, आणि त्याला अडवणारा वनरक्षक बहुतेक वेळा त्याच तालुक्यातल्या साध्या घरातला असतो.

त्या वनरक्षकाबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आमच्या गप्पांत तो नेहमी खलनायक असतो. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याच्या वाटेच्या तोंडाशी रेनकोट घालून तो सकाळपासून उभा असतो. त्याच्या बीटात डोंगरच्या डोंगर असतात. पाठीमागच्या रानात डुकराचे फास लावलेले आहेत का, हे बघायचं त्याचं खरं काम, आणि तो इथे बियरच्या बाटल्या तपासत बसलेला. गाड्यांच्या रांगा, स्पीकर, कुणाचा तरी ड्रोन, थर्माकोलच्या ताटल्या. अडवलं तर लगेच फोन काढून चित्रीकरण, किंवा थेट वरच्या ओळखीचा हवाला. आणि कुणी बुडालं तर पहिला प्रश्न त्यालाच. त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे बंद वाट. बंद वाटेवर कुणी मेला तर तो नियम मोडून मेला. जबाबदारी कुणाचीच नाही. वरपासून खालपर्यंत हाच हिशेब असतो, आणि ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द त्या हिशेबातूनच येतात.

माझा खरा राग आहे तो या तीन शब्दांवर. पुढचा आदेश कधी येतच नाही. हिमालयातलं नंदादेवीचं अंतरंग 1983 मध्ये गिर्यारोहकांना बंद केलं, कारण मोहिमांनी तिथे घाण आणि नासधूस केली होती. कारण अगदी रास्त होतं. चाळीस वर्षं उलटून गेली, एखाद-दुसरी खास मोहीम वगळता ते बंदच आहे. गवत परत आलं असेल, कस्तुरीमृग वाढले असतील, पण दार किती उघडायचं हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणी नव्याने टेबलावर घेतला नाही. दार बंद ठेवायला कारण लागत नाही, उघडायला मात्र हजार लागतात.

याच्या उलट एक बंदी मी दोन्ही हात जोडून मान्य करतो. म्हादईच्या रानातून सीमा ओलांडली की खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य लागतं. तिथल्या बारापेडे गुहांत राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. एके काळी साऱ्या जगात ते तेवढ्याच गुहांत आढळतं असं मानलं जात होतं, पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. आपल्या भागात त्याचं घर ते एकच. माणसाचा आवाज, टॉर्चचा झोत, धूर, यातल्या कशानेही ती वसाहत उठू शकते. तिथे माझ्यासारख्या हौश्याने जाण्यात काहीही अर्थ नाही. कारण सांगितलं की संपलं. ब्रिटनमध्येही कड्यांवर ससाण्यांची घरटी असतात तेवढे महिने ते कडे चढाईसाठी बंद राहतात आणि पिल्लं उडाली की उघडतात. तारखा आधी कळतात, बहुतेक चढणारे त्या पाळतात. हे पाळणारे काही फार सज्जन लोक आहेत म्हणून नव्हे. त्यांना ठाऊक असतं की ठरल्या दिवशी कडा परत मिळणार आहे.

आमच्या गावांना असे नियम नवे नाहीत. केरीच्या आजोबाच्या रायीत, म्हणजे देवराईत, कुणी फांदी तोडत नाही. कुठल्याशा रायीत चप्पल घालून जायचं नाही, कुठल्याशा दिवशी डोंगरावर जायचंच नाही, असं सत्तरीतलं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. वाघाला इथे देव मानून पूजलं जातं. (आणि त्याच सत्तरीत, गोळावलीत, जानेवारी 2020 मध्ये चार वाघ विष घालून मारले गेले, हेही लिहिलं पाहिजे. परंपरेचे गोडवे गाताना ते गिळून टाकण्याची आमची सवय मला आवडत नाही. गुरं मारली गेली होती, भरपाईवर भरवसा नव्हता, आणि देव असला तरी तो घरातली दुभती गाय नेत होता.)

मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले. दिवसचे दिवस धुमसत राहिले, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. आगी लावल्या कुणी, यावर भरपूर चर्चा झाली. सरकारी प्रतिक्रिया मात्र ओळखीचीच: प्रवेशबंदी. आग पेटलेली असताना कुणाला आत सोडू नये हे उघड आहे. तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात मार्च 2018 मध्ये वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर्स गेले होते. त्या बातमीनंतर मार्च-एप्रिलमध्ये वाळल्या गवतातून गट घेऊन जायला मी साफ नकार देतो. पण आग विझल्यावर बंदी कुणाच्या हिताची? ज्या वाटांवरून माणसं जातात तिथे कुणाला तरी धूर दिसतो, तोडलेलं झाड दिसतं, जेसीबीचा ताजा माग दिसतो. रिकाम्या रानात जे होतं ते कुणालाच दिसत नाही. वाईट माणसं फलक वाचून परत फिरत नाहीत, परत फिरतात ते नियम पाळणारे. मग रानात उरतं कोण?

मोल्यात हे अगदी नागडेपणाने दिसलं. 2020 मध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, भगवान महावीर अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी महामार्ग आणि चारशे केव्हीची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प पुढे सरकले. पायी जाणाऱ्याला आत यायला अर्ज, रेल्वेला आत यायला आराखडा. त्याविरुद्ध तरुण मुलं उभी राहिली, रात्री चांदर गावात रुळांवर माणसं जमली. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट ते कुळे या टप्प्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्या आंदोलनातल्या कितीतरी जणांचं मोल्याशी नातं जुळलं होतं ते तिथे पायी भटकल्यामुळे, पक्षी, फुलपाखरं, बेडूक बघत हिंडल्यामुळे. ज्या जंगलात कुणी कधी गेलंच नाही, त्याच्यासाठी रात्री रुळांवर येऊन कोण बसणार?

शेजारच्या कर्नाटकाने जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वतावर प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत उसळलेली गर्दी पाहून ट्रेकवर बंदी घातली आणि मग ऑनलाइन आरक्षणाची रीत आणली. दिवसाला इतकीच माणसं, नाव आधी नोंदवा. काही न करण्यापेक्षा हे बरंच. माणसं मोजली जातात, बंदीऐवजी मर्यादा येते. पण आमच्या वाडीवरच्या काकांसारख्या माणसाला ॲप कोण उघडून देणार, आणि दलाल जागा अडवणार नाहीत कशावरून? गोवा एवढासा. मला विचाराल तर डोंगराच्या पायथ्याच्या गावात एक वही असावी. कोण चाललं, किती जण, कुठल्या वाटेने, परत कधी. गावाने ठरवलेले पैसे द्यावेत, ते गावातच राहावेत, आणि जायचं की नाही ते त्या दिवशीचं आभाळ बघून गावानेच सांगावं. वनखात्याने वही तपासावी, हिशेब मागावा, गैर दिसलं तर वाट बंद करावी. यात भ्रष्टाचार होणार नाही का? होईल थोडा. आताही काही कमी नाही.

गेल्या वर्षी आमच्या छोट्या गटाने एक निवेदन द्यायचं ठरवलं. मसुदा करायला बसलो आणि आमच्यातच जुंपली. एक मित्र, वकिली करणारा, पहिल्याच परिच्छेदात मूलभूत हक्क, संचारस्वातंत्र्य, सार्वजनिक जमीन असं सगळं घालून मोकळा झाला. मी म्हटलं, त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद हवा. काकांनी आम्हाला वर नेताना एका वळणावर थांबवून सांगितलं होतं की डावीकडची वाट तुम्हाला दाखवणार नाही. त्या घळीत उन्हाळ्यात एकच डबकं उरतं आणि गवे वासरं घेऊन पाण्यावर येतात. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत वाडीतलं कुणी तिथे जात नाही. फलक नाही, आदेश नाही, पण ती वाट बंद असते, कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कधी उघडणार तेही. मी म्हटलं, ती वाट त्या महिन्यांत सगळ्यांना अधिकृतपणे बंद करा, अशी मागणी आपणच करायची, आणि बाकीच्या वाटांच्या बंदीलाही अशीच तारीख आणि कारण मागायचं. शिवाय वाडीतल्या लोकांचे दावे निकाली काढा, हेही त्यातच.

मित्र भडकला. “तू ट्रेकर आहेस की फॉरेस्टवाला? आपण वाटा उघडायला निघालोय, आणि तू बंद करायला सांगतोस? आणि लोकांच्या जमिनीचे दावे आपल्या निवेदनात कशाला?” त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. असल्या कागदात एकच मागणी असली तर ती वाचली जाण्याची शक्यता जास्त. रात्री उशिरापर्यंत वाद चालला, चहा झाला, भजी झाली. शेवटी दोन्ही परिच्छेद तसेच ठेवून निवेदन गेलं. वरचा त्याच्या भाषेत, खालचा माझ्या. खालच्या परिच्छेदाखाली सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.